परदेशातून येणारे दंतवैद्य आणि आपली मुले

आपल्या शाळेचे काही माजी विद्यार्थी आज नोकरीनिमित्त परदेशात स्थायिक झाले आहेत. त्यांच्यापैकी एकाचे मध्यंतरी आम्हांस पत्र आले. तो राहतो त्या शहरातील काही दंतवैद्य दरवर्षी स्वखर्चाने एखाद्या दूरच्या देशात जातात आणि आठ-दहा दिवस मुक्काम करून गरजू मुलांच्या दातांवर मोफत उपचार करतात. यंदा त्यांना नंदुरबार जिल्ह्यात, आपल्या शाळेत आणावे काय, असा त्याचा प्रश्न होता. ज्या वसतिगृहात आपण वाढलो त्याच्यासाठी काही करावे, ही त्याची तळमळ ओळीओळीतून दिसत होती. 'अवश्य आणावे' असे एका ओळीचे उत्तर देऊन मोकळे होता आले असते. परंतु समितीत विषय निघाला, तेव्हा एकेक गोष्ट पुढे येत गेली आणि उत्तर लांबले. ते लांबलेले उत्तर पालकांनी आणि समाजबांधवांनीही वाचावे, म्हणून येथे मांडीत आहोत.

दातदुखी हा वसतिगृहातील रात्रीचा आजार आहे. दिवसा खेळण्याच्या आणि वर्गाच्या गडबडीत मूल ती विसरते. अंथरुणावर पडले की ठणका सुरू होतो. घरी असते तर आईच्या कुशीत शिरले असते. येथे ते गोधडी तोंडावर ओढून घेते. सकाळी गाल सुजलेला दिसतो तेव्हा अधीक्षकांना कळते. मग लवंग, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, वेदनाशामक गोळी. दोन दिवसांनी ठणका थांबतो आणि सर्वांना हायसे वाटते. खरे तर पुष्कळदा त्याच वेळी दाताच्या आतली नस मेलेली असते आणि पू मुळाशी साचू लागलेला असतो. दुखणे थांबले म्हणजे दात बरा झाला, असा समज आम्हीही कित्येक वर्षे बाळगून होतो.

दात किडतो म्हणजे त्यात अळी शिरते असे नव्हे. दातांवर साचणाऱ्या चिकट थरात सूक्ष्म जंतू असतात. आपण गोड किंवा पिठूळ पदार्थ खाल्ला की ते जंतू त्यातील साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताच्या कठीण कवचातील खनिज विरघळवते. काही वेळाने लाळ ते आम्ल निष्प्रभ करते आणि गेलेल्या खनिजाचा काही अंश पुन्हा भरून काढते. झीज आणि भरपाई यांचा हा खेळ दिवसभर चाललेला असतो. म्हणून मुलाने साखर किती खाल्ली याइतकेच, दिवसातून किती वेळा खाल्ली यालाही महत्त्व आहे. जेवणानंतर एक लाडू खाल्ला तर लाळेला सावरायला वेळ मिळतो. बिस्किटाचा पुडा खिशात ठेवून दुपारभर एकेक बिस्किट चघळले तर तो मिळत नाही. ज्वारीची भाकरी, डाळ आणि मिरचीचा ठेचा यांवर वाढलेल्या आपल्या वाड्यापाड्यांवरील मुलांच्या दातांवर हे संकट पुड्यांच्या वाटेने आले आहे. भेटीच्या रविवारी पालक प्रेमाने जे आणतात आणि सन्माननीय पाहुणे वाढदिवसानिमित्त जे वाटतात, त्यांतही बहुधा तेच असते, हे येथे नम्रपणे नमूद करतो.

हे संकट केवळ आपलेच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगातील सुमारे ५१ कोटी मुलांच्या दुधाच्या दातांना कीड आहे. 'दुधाचे दात तर पडणारच' असे म्हणून आपण तिकडे दुर्लक्ष करतो. मात्र दुधाचा दात खाली वाढणाऱ्या कायमच्या दाताची जागा राखून ठेवीत असतो. तो अकाली गेला तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि नवा दात वाकडा येतो.

याहून मोठी चूक सहाव्या वर्षी होते, आणि आमच्या मते या सर्व विषयाचे मर्म तेथेच आहे. साधारण सहा वर्षांचे असताना मुलाला दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दुधाचा दात पडत नाही; त्यामुळे ती आल्याचे कोणाच्या लक्षातच येत नाही. पालक तिला दुधाचीच दाढ समजतात. ती कायमची असते. गेली तर दुसरी येत नाही. तिच्या माथ्यावरच्या खोल खाचांत अन्न अडकते आणि पुढे किडीने गमावल्या जाणाऱ्या कायमच्या दातांत तिचा क्रमांक पहिला लागतो. सहावे वर्ष म्हणजे पहिलीत नाव घालण्याचे वर्ष. ज्या वर्षी मूल आईचे बोट सोडून आपल्या वसतिगृहात येते, त्याच वर्षी ही दाढ उगवते. तिच्यावर लक्ष ठेवणारे दुसरे कोणी असत नाही, आपणच असतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. परदेशातून येऊन मुलांवर मोफत उपचार करण्याचे सर्वांत मोठे उदाहरण मराठी माणसाचेच आहे. डॉ. शरदकुमार दीक्षित मूळचे पंढरपूरचे. शिक्षण नागपुरात झाले, पुढे ते अमेरिकेत प्लास्टिक सर्जन झाले. १९६८ पासून ते भारतात येऊन दुभंगलेल्या ओठांच्या मुलांवर मोफत शस्त्रक्रिया करीत राहिले. अपघाताने आलेले अपंगत्व, स्वरयंत्राचा कर्करोग आणि हृदयविकार सोसूनही त्यांचे येणे थांबले नाही. महाराष्ट्रात भारतीय जैन संघटनेने त्यांची शिबिरे भरविली. २००१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि नोव्हेंबर २०११ मध्ये त्यांचे निधन झाले. ज्या मुलाला गावात चिडवले जाई, ज्या मुलीचे लग्न जमणार नाही म्हणून घर झुरत असे, अशा हजारोंचे चेहरे त्यांच्या हातांनी सावरले.

असे उदाहरण डोळ्यांसमोर असल्याने दंतपथकाकडूनही आपण तशीच अपेक्षा करतो. परंतु दोन्ही कामांची जात वेगळी आहे. दुभंगलेला ओठ हा जन्मजात दोष आहे. एकदा नीट शिवला की तो पुन्हा दुभंगत नाही. टाळूही दुभंगलेला असेल तर पुढे वाचा, दात, जबडा यांची दीर्घ काळजी घ्यावी लागते, हे खरे; पण ओठाचे मुख्य काम एका शस्त्रक्रियेत होते. म्हणून वर्षातून एकदा येणारा कुशल शल्यविशारदही मुलाचे आयुष्य पालटू शकतो. किडीचे तसे नाही. आज दंतवैद्याने चार दाढा भरल्या आणि उद्या त्या मुलाच्या सवयी त्याच राहिल्या, तर पुढील वर्षी पाचवी दाढ किडलेली असणारच. शिवाय डॉ. दीक्षितांच्या शिबिरांमागे रुग्ण शोधून आणणारे आणि नंतर त्यांची विचारपूस करणारे स्थानिक लोक होते. परदेशी हातांचे यश पुष्कळसे त्या देशी हातांवर उभे होते.

घाईच्या शिबिराचा आणखी एक धोका आहे. वेळ थोडा, रांग मोठी. अशा वेळी सर्वांत झटपट होणारे काम म्हणजे दात उपटणे. किती दात काढले याचा आकडा अहवालात भारदस्त दिसतो. त्यांत वाचविता आल्या असत्या अशा सहाव्या वर्षीच्या दाढा किती होत्या, हे अहवालात येत नाही.

तरीही पथकाचा उपयोग नाही असे आम्ही म्हणत नाही. योग्य काम नेमून दिले तर तो फार मोठा आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यावर टांझानियात काम करणाऱ्या दंतवैद्यांपुढे आपल्यासारखीच अडचण होती: दात कोरण्याचे यंत्र आहे, पण ते चालविण्यास वीज नाही. त्यांनी यंत्र बाजूला ठेवले, हातातल्या लहान अवजारांनी किडलेला मऊ भाग खरवडून काढला आणि पोकळीत दातास चिकटून बसणारे सिमेंट भरले. यास वीज लागत नाही, बहुधा भूल देण्याची सुईही लागत नाही आणि मूल घाबरत नाही. ग्लास आयनोमर नावाचे हे सिमेंट दातास हळूहळू फ्लोराइडही पुरवीत राहते. १९९४ चा जागतिक आरोग्य दिन मौखिक आरोग्यास वाहिलेला होता. त्या निमित्ताने जागतिक आरोग्य संघटनेने ही पद्धत पुरस्कारिली. धडगाव वा अक्कलकुवा तालुक्यातील एखाद्या पाड्यावरील शाळेत, व्हरांड्यातल्या बाकावर मुलास निजवूनही हे काम होऊ शकते. याच सिमेंटने नव्या दाढेच्या खाचा कीड लागण्यापूर्वीच बुजविता येतात.

दुसरा उपाय याहूनही सोपा. चांदी आणि फ्लोराइड असलेल्या एका द्रावणाचा थेंब किडीवर लावला की कीड पुष्कळदा तेथेच थांबते. २०२१ मध्ये ग्लास आयनोमर, हे द्रावण आणि फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट या तिन्हींचा समावेश जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत झाला. मात्र या द्रावणाने किडलेला भाग कायमचा काळा पडतो. पालकांना हे आधी समजावून सांगितले नाही, तर 'गोऱ्या डॉक्टरांनी लेकराचे दात काळे केले' अशी बोलवा दोन बाजारांत सगळ्या तालुक्यात पसरेल आणि पुढच्या शिबिराला कोणी येणार नाही.

पालकांना सांगायचे, पण केव्हा? परदेशी डॉक्टर बहुधा हिवाळ्यात येऊ इच्छितात, कारण त्यांच्याकडे नाताळाची सुट्टी असते आणि आपल्याकडे हवा चांगली असते. नेमक्या त्याच काळात आपल्या अनेक मुलांचे आईवडील ऊसतोडीसाठी गुजरातेत गेलेले असतात. त्यांच्या संमतीवाचून मुलाचा दात काढणे हे कायद्यानेही योग्य नाही आणि माणुसकीनेही नाही. फोन लागतो, लागत नाही. फोनवर 'तुम्हाला योग्य वाटेल ते करा' असे बाप म्हणतो, तेव्हा त्यात विश्वास किती आणि अगतिकता किती, हे ओळखणे कठीण असते.

याहून गंभीर बाब सिकलसेलची. आपल्या जिल्ह्यातील आदिवासी बांधवांत हा आनुवंशिक रक्तविकार मोठ्या प्रमाणावर आढळतो. लंडन किंवा मेलबर्नहून आलेल्या दंतवैद्याने हा आजार पुस्तकात वाचलेला असेल. परंतु समोरच्या बाकावरील मुलाला तो असू शकेल, हे त्याच्या ध्यानात यायला हवे. सिकलसेलच्या रुग्णाला जंतुसंसर्ग, शरीरातील पाण्याची कमतरता, थंडी किंवा तीव्र ताण यांमुळे असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. म्हणून अशा मुलाची किडकी दाढ तशीच ठेवणेही घातक आणि उपाशीपोटी, पाणी न देता तासभर रांगेत बसवून ती काढणेही घातक. त्याच्यावरील उपचार त्याच्या नेहमीच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने, शक्यतो रुग्णालयातच व्हावेत. प्रत्येक मुलाची तपासणी झाली आहे की नाही आणि तिचा निष्कर्ष काय, याची नोंद पथक येण्यापूर्वी शाळेच्या कपाटात असली पाहिजे. ही नोंद ठेवणे आपलेच काम आहे, विमानाने येणाऱ्याचे नव्हे.

भाषेचेही तेच. पहिली-दुसरीतील मुले भिली, पावरी, मावची बोलतात. मराठी ती शाळेत शिकत असतात. पाहुणे इंग्रजी बोलणार. मधला शिक्षक इंग्रजीचे मराठी करील. पण घाबरलेल्या सहा वर्षांच्या पोराला त्याच्या बोलीत 'दुखलं तर हात वर कर' हे सांगायला नववी-दहावीचा दादा वा ताई लागते. हे काम मोठी मुले मोठ्या जबाबदारीने करतात, असा आमचा अनुभव आहे.

कायदेशीर बाबी थोडक्यात सांगतो. भारतात नोंदणी वा सक्षम यंत्रणेची परवानगी असल्यावाचून परदेशी दंतवैद्याने उपचार करू नयेत. मोफत सेवा आहे म्हणून ही अट सुटत नाही. परदेशातून पैसा किंवा साहित्य घ्यावयाचे तर संस्थेकडे २०१० च्या परकीय योगदान विनियमन कायद्याखालील नोंदणी हवी. वापरलेल्या सुया आणि रक्ताळलेला कापूस शाळेमागील खड्ड्यात टाकता येत नाही. त्याच्या विल्हेवाटीची व्यवस्था आधी ठरवावी लागते. अवजारे प्रत्येक मुलागणिक निर्जंतुक झालीच पाहिजेत, अन्यथा एकाची कावीळ दुसऱ्यास लागेल. आणि मुलांची छायाचित्रे परवानगीवाचून कोणीही काढू नयेत. तोंड उघडलेले, डोळ्यांत पाणी आलेले आपले लेकरू परदेशातील एखाद्या देणगीपत्रकावर झळकावे, हे कोणत्या आईला आवडेल?

बौद्ध संस्थेची शाळा म्हणून येथे विनयपिटकाची आठवण होते. तथागतांनी भिक्खूंना दातवण वापरण्याची अनुज्ञा दिली, तिची हकिगत चुल्लवग्गात आहे. दातवण न वापरण्याचे पाच तोटे तेथे सांगितले आहेत; तोंडास दुर्गंधी येणे आणि अन्नाची गोडी न लागणे हे त्यांपैकी दोन. पुढची हकिगत वाचताना तर कोणत्याही वसतिगृह अधीक्षकाला हसू येईल. काही भिक्खू लांबच लांब दातवणे वापरू लागले आणि त्यांनीच श्रामणेरांना मारू लागले. तेव्हा तथागतांनी लांबी आठ बोटांपर्यंत मर्यादित केली. मग एकाने इतके आखूड दातवण घेतले की ते घशात अडकले. तेव्हा ते चार बोटांहून आखूड नसावे, असेही ठरले. सातव्या शतकात नालंदेत राहिलेला चिनी भिक्खू इत्सिंग यानेही दातवणाच्या प्रथेवर स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. संघ हेही एक निवासी विद्यालयच होते. दात कसे घासावेत ही ज्याची त्याची खासगी बाब न मानता तिचा शिस्तीत अंतर्भाव केला गेला, हे आम्हांस विशेष वाटते. महावग्गातही अतिसाराने पडलेल्या एका भिक्खूची शुश्रूषा तथागतांनी आनंदासह स्वतः केली आणि संघाला जाणीव करून दिली की येथे कोणाचे आईवडील नाहीत, तेव्हा एकमेकांची काळजी तुम्ही घेतली नाही तर घेणार कोण.

या दृष्टीने पाहिले तर वसतिगृह ही अडचण नसून फार मोठी सोय आहे. विखुरलेल्या पाड्यांवरील घराघरांत रोज रात्री दात घासले जातात की नाही, हे जगातील कोणतेही पथक पाहू शकणार नाही. आपण पाहू शकतो. सकाळी नळावर रांग लागतेच. पण खरे महत्त्व रात्रीच्या घासण्याला आहे, कारण झोपेत लाळ कमी होते आणि जंतूंना मोकळे रान मिळते. सायंवंदना, जेवण, अभ्यास आणि मग ब्रश. त्यानंतर पाण्यावाचून काही नाही. टूथपेस्ट फ्लोराइडयुक्त असावी, मोठ्या मुलांनाही वाटाण्याएवढी आणि लहानांना त्याहून कमी द्यावी. घासून झाल्यावर फक्त थुंकावे. खळखळून चुळा भरल्या तर फ्लोराइड निघून जाते. ब्रशवर ज्याचे त्याचे नाव हवे आणि तो तीनेक महिन्यांनी बदलावा. बाभळीचे वा कडुनिंबाचे दातवण वाईट नाही. मात्र त्यासोबतही पेस्ट लागतेच. राख आणि कोळसा दात झिजवतात. मिश्री लावणे तर पूर्णपणे बंद झाले पाहिजे. ते दात घासणे नव्हे, ते तंबाखूचे व्यसन आहे. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण फाटकाबाहेरच्या टपरीला ती ठाऊक असल्याचे दिसत नाही.

मदतीसाठी सातासमुद्रापलीकडे पाहण्याआधी जवळ पाहणेही आवश्यक आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघर येथे झाला. त्याची पथके शाळांत येऊन मुलांची तपासणी करतात; दातांचे विकार आणि दुभंगलेला ओठ दोन्ही त्यांच्या यादीत आहेत. तपासणीनंतर दिलेली चिठ्ठी दप्तरातच राहून जाते, ही खरी गळती आहे. चिठ्ठी मिळालेल्या मुलाला गाडीत बसवून जिल्हा रुग्णालयात नेणारे कोणी लागते. धुळ्याला दंत महाविद्यालय आहे; पदवीनंतरचे आंतरवासी डॉक्टर सामुदायिक सेवेसाठी गावोगाव जात असतात. ते दर सहा महिन्यांनी येऊ शकतील, आणि भरलेले सिमेंट निघाले तर त्यांना महिन्याभरात गाठता येईल. नंदुरबारहून धुळे शंभर किलोमीटरच्या आत आहे.

म्हणून आमच्या माजी विद्यार्थ्याला आम्ही असे कळविले: पथकाने यावे, त्याचे मनापासून स्वागत आहे, पण एका वर्षासाठी येऊ नये. तीन वर्षे यायचे ठरवून यावे, आणि शक्यतो तेच डॉक्टर यावेत. त्यांनी पहिली ते तिसरीच्या मुलांच्या नव्या दाढा वाचविण्याचे काम प्रथम घ्यावे आणि त्यासोबत धुळ्याचे दोन तरुण दंतवैद्य व आपल्या चार शिक्षकांना शिकवावे. दात काढण्याची गरज असेल ती मुले रुग्णालयात नेण्याची जबाबदारी आमची. त्याचे उत्तर आठवड्याने आले. तीन वर्षांची अट ऐकून आठपैकी पाच जणांनी माघार घेतली, तीन जण तयार आहेत. आम्हांस तीन पुरेसे वाटतात.

पालकांना विनंती एवढीच की, संमतीपत्रे दिवाळीच्या सुट्टीआधी, ऊसतोडीला निघण्यापूर्वी भरून द्यावीत. ज्यांना वाचता येत नाही त्यांना मजकूर त्यांच्या बोलीत समजावून सांगितला जाईल. न समजता अंगठा कोणाचाही घेतला जाणार नाही. सिकलसेलचे कार्ड घरी पेटीत असेल तर मुलासोबत पाठवावे. आणि जे माजी विद्यार्थी परिचारिका, आरोग्यसेवक वा औषधनिर्माते झाले आहेत, त्यांनी ऑगस्टमधील एखादा रविवार आम्हांस द्यावा. प्रत्येक मुलाचे दंतपत्रक तेव्हा भरावयाचे आहे.